कुणाच्या घरातली

गेल्या महिन्यात कॉलेजची चार पोरं-पोरी घरी आली. जिल्ह्यात अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जुन्या माणसांचं प्रदर्शन भरवायचं होतं त्यांना. म्हणाली, "बाई, तुमच्या आत्याचा फोटो द्या." मी म्हटलं, फोटो नाही. तर एक पोरगी म्हणते, "एखादा तरी असेल की, सगळ्यांच्यात त्या उभ्या असलेला?" अगं, नाही म्हटलं की नाही. तिचा फोटो काढावा असं कुणाला सुचलंच नाही. मग म्हणाली, "निदान दोन ओळी लिहून द्या. थोर समाजसेविका वगैरे."

मला असा राग आला म्हणता! थोर-बिर काही नव्हती ती. तोंडाची फटकळ होती, शिव्या द्यायची, जेवायला बसली की दुसऱ्याच्या ताटातली मिरची उचलायची. आणि तिच्यापायी माझं ठरलेलं लग्न मोडलं. हे सगळं दोन ओळीत कुठं कोंबू? पोरांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. पण तेव्हापासनं ती डोक्यातनं हलेना, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आबाची, थोरली बहीण. आजी लवकर गेली, त्यामुळं आबाला आत्तीनंच कडेवर वाढवला होता. तो तिला आक्का म्हणायचा. तिला गगनबावड्याकडं दिली होती. तिकडं पाऊस असा की चार महिने अंगावरचं लुगडं वाळत नाही. त्या पावसातच तिचा नवरा तापानं गेला. पोटी मूल नव्हतं. दिरांनी दिवसकार्य उरकलं आणि सांगितलं, "माणूसच न्हाई ऱ्हायला तर तुझं हितं काय?" आत्ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात आली ती राहिलीच.

पुढं आजोबा गेले आणि आबाची आणि चुलत्याची वाटणी निघाली. तेव्हा आत्ती म्हणाली, "मलाबी येक पट्टी द्या. कुणाच्या तोंडाकडं बघत जगाय नगं." झालं! गावात हसू पिकलं. बाई वाटा मागती! देवळापुढच्या पारावर पंच बसले. मधोमध पाटील. त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला. "दिली लेक दुसऱ्याची झाली. हिचा या घराशी संबंध न्हाई." आबानं मान खाली घालून होकार दिला. आत्ती घरी आली, चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली. काठवटीवर हात नेहमीपेक्षा जोरात आपटत होती.

त्या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली असतील. मग ते पाणी आटल्याचं साल आलं.

चैत्राची यात्रा होऊन गेली होती. डोंगरावरनं उतरलेल्या माणसांच्या पायांनी आलेला गुलाल अजून गावाच्या रस्त्यावर होता. ओढ्यापलीकडं जी वस्ती होती, तिथल्या लोकांनी बौद्ध धर्म घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडात महारवाडाच. त्यांचा आड पार कोरडा पडला. गावच्या विहिरीला तेवढं तळाला गुडघाभर पाणी होतं, आणि ती विहीर आमच्या रानाला लागून. वस्तीतल्या बायका विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. गावातली बाई आली की तिला विनवायच्या, आणि ती तिच्या सवडीनं त्यांच्या घागरीत वरनं पाणी ओतायची. असं अर्धा अर्धा दिवस चालायचं.

त्यांच्यातली एक बाई आमच्या रानात भांगलायला, तण काढायला यायची. आत्ती आणि ती एका वयाच्या. दिवसभर शेजारी शेजारी पातीला बसायच्या, नवऱ्यांच्या आणि सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून खिदळायच्या. पण जेवायची वेळ झाली की ती पलीकडच्या बांधावर. पाणी मागितलं की आत्ती तांब्या वर धरून तिच्या ओंजळीत धार सोडायची. हे मुद्दाम सांगते आहे. आत्ती काही आकाशातनं पडली नव्हती. ती गावासारखीच होती.

या बाईचा थोरला मुलगा कोल्हापुरात छापखान्यात कामाला होता. यात्रेच्या सुट्टीला आलेला. आईला उन्हात रिकामी घागर घेऊन ताटकळत उभी बघितली, आणि त्याचं डोकं फिरलं. सरळ विहिरीच्या काठावर गेला आणि पोहरा सोडला.

त्या वेळी आबा आणि आत्ती बांधाला होते. आबा कुळव धरून, आत्ती धसकटं वेचत. मी घरी होते, त्यामुळं पुढचं मी आत्तीच्या तोंडून ऐकलेलं सांगते. चौघे आले. दोघे पाटलांचे पुतणे, दोघे त्यांच्या मागनं फिरणारे. आधी शिवीगाळ झाली. पोरगा म्हणाला, "पाणीच घेतोय, तुमच्या घरातलं सोनं न्हाई." त्यावर एकानं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. तो काठावर बसला खाली. बसलेल्याला उचलून आत टाकला. तळाला खडक होता.

आत्ती ओरडणार तोच आबानं तिच्या तोंडावर हात दाबला आणि तिला ओढत घरी आणली. तिच्या गालावर आबाच्या बोटांचे वळ मी बघितले. आबा दाराला कडी घालून जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आक्का, आपुण काय बघितलं न्हाई. काय म्हंजे कायबी न्हाई."

पोलीस आले, पंचनामा झाला. पाय घसरून पडला. सगळं गाव तेच म्हणत होतं. मयताची आई चावडीपुढं बसून ओरडत होती, "माझं पोरगं आंधळं न्हवतं रं!" कुणी तिकडं फिरकलं नाही.

पण पोरगा छापखान्यातला होता, त्याची शहरात ओळख होती. चार-सहा दिवसांनी कोल्हापुरातनं माणसं आली. एक वकील, दोन-तीन कॉलेजातले, आणि एक शिंपीकाम करणारे मुसलमान गृहस्थ. त्यांना आम्ही पुढं टेलरचाचा म्हणायला लागलो. ही माणसं घरोघर फिरून विचारायला लागली, कुणी बघितलं का? बघितलेला एक तरी माणूस उभा राहिला तर खुनाची केस होते, नाहीतर पोरगा घसरलाच. गावाला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी प्रत्येक घरच्या कारभाऱ्याला देवळात बोलावलं. दुसरीकडं बेलभंडारा उचलतात, आमच्याकडं जोतिबाचा गुलाल उचलायची रीत. मुठीत गुलाल घेऊन देवापुढं शब्द दिला की तो मोडायचा नाही. मोडला तर घर बसतं, वंश बुडतो, असं सगळे मानायचे. आणि कारभाऱ्यानं उचलला की तो आख्ख्या घराचा झाला. बायकापोरांना वेगळं कोण विचारतंय? एकेक पुरुष पुढं होऊन म्हणत होता, "माझ्या घरातल्या कुणी काय बघितलं न्हाई, माझ्या घरातलं कुणी काय बोलणार न्हाई." आबानंही म्हटलं. घरी आला तेव्हा त्याची मूठ लाल होती. पाण्यानं धुतली तरी रेघांमधला रंग निघाला नाही.

आत्तीनं एवढंच विचारलं, "कुणाच्या नावानं उचललास?"

"घराच्या."

"घराच्या," ती म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली.

तुम्हाला वाटेल, तेव्हा मी आत्तीच्या बाजूनं असेन. नव्हते. माझं लग्न ठरलं होतं. कागलकडचं स्थळ, उसाची शेती, मुलगा कारखान्यात नोकरीला. वैशाखातला मुहूर्त धरलेला. मुंडावळ्यांपासनं सगळं घरात येऊन पडलं होतं. आणि ते स्थळ आणलं होतं पाटलांनीच. मी जोतिबाला हात जोडून म्हणत होते, देवा, आत्तीचं तोंड बंद ठेव, निदान माझ्या अक्षता पडेपर्यंत. एका माणसाचा मुडदा पडलेला आणि मी हिरव्या शालूचा विचार करत होते. त्या वयात तसंच असतं. मला त्याची लाज बिज वाटत नाही, पण होतं ते असं होतं.

शहरातली माणसं परत आली तेव्हा गावानं त्यांना बसायला घोंगडं टाकलं नाही की पाण्याला विचारलं नाही. आमच्या गावात हे नवल! वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा "या पावणं, पाणी घ्या" म्हणणारी माणसं दारं ओढून आत बसली. ऊन मरणाचं. टेलरचाचांनी दमून पाराच्या कडेला बूड टेकलं. वर पंच बसलेले, पाटीलही होते. तेव्हा आत्ती घरातनं तांब्या भरून निघाली. आई मागनं "वन्सं, वन्सं" करत दारापर्यंत गेली. मी पळत आत्तीला गाठली आणि तिचा पदर धरला. तिनं हिसडा देऊन सोडवून घेतला.

तिनं चाचांच्या हातात तांब्या दिला. वरनं ओतलं नाही, हातात दिला. आणि म्हणाली, "मी बघितलंय. कुणी मारला, कशानं मारला, समदं सांगते. लिव्हून घ्या."

पाटील ताडकन उठले. "ए बाई! तुझ्या भावानं गुलाल उचललाय!"

"उचलला की. त्येच्या घराचा उचलला."

"मग तू कुणाच्या घरातली?"

"ते मला काय इचारता?" आत्तीनं पदर खोचला. "ह्याच पारावर बसून तुमीच सांगितलं हुतंसा. दिली लेक दुसऱ्याची झाली, हिचा या घराशी संबंध न्हाई. इसरलासा? जमिनीच्या येळंला मी ह्या घरातली न्हाई, आन् गुलालाच्या येळंला बरी घरातली झाले? तिकडच्यांनी तर कवाच हाकलून दिलंय. मी कुणाच्याच घरातली न्हाई. माझ्या नावानं कुणी गुलाल उचलला असंल त्यानं फुडं यावं!"

कुणी पुढं आलं नाही. पाराखालचं एक म्हातारं "आयला!" म्हणालं, ते मला अजून ऐकू येतं.

पण पाटील काय कच्चे नव्हते. शांतपणे बसले आणि आबाला हाक मारली. "बरोबर बोलली तुझी भण. ती तुझ्या घरातली न्हाई. मग आजपासनं तुझ्या चुलीचा घास तिच्या पोटात जाता कामा न्हाई. गेला, तर ती घरातली झाली आणि गुलाल तुझ्यावर उलटला. बघ बाबा, देव तुझा हाय."

आबा घरात गेला. पत्र्याची पेटी आणून उंबऱ्याबाहेर ठेवली. आत्तीकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "कुलूप तरी लावायचं हुतंस, बिजागरी ढिली हाय तिची." आणि पेटी डोक्यावर घेऊन शहरातल्या माणसांबरोबर चालायला लागली. मी मागनं ओरडले, "आत्ती, तुझ्या तोंडात माती पडू दे!" खरंच ओरडले. तिनं मागं वळून बघितलं नाही.

आठवड्याच्या आत कागलकडनं निरोप आला. ज्या घराची बाई खुनाच्या साक्षीला उभी राहते, त्या घराशी सोयरीक नको. मी दोन दिवस जेवले नाही. मुंडावळ्या आईनं कुठं ठेवल्या ते परत कधी दिसलं नाही.

वर्षभर मी घरात धुमसत काढलं. सातवी पास होते, पुढं शिकायची हौस होती. शेवटी म्हटलं, मास्तरीण होते. कोल्हापुरात शिकायचं तर राहायचं कुठं? वसतिगृहाला पैसे कुठले? आबा बैलाला वैरण टाकत होता. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाला, "तू शहरात कुठं ऱ्हातीस ते मी इचारणार न्हाई." एवढं बोलून आणखी एक पेंढी सोडायला लागला. मला कळायला वेळ लागला. माणूस भित्रा होता हो, पण दगड नव्हता.

अशी मी आत्तीकडं आले. टेलरचाचांनी दुकानाच्या मागची खोली तिला दिली होती. आत्ती दिवसभर चाचांच्या शर्टांना काज-बटण करायची. दारात मला बघितलं आणि म्हणाली, "आलीस? तोंडात माती पडली न्हाई बघ अजून. ये, भाकरी खा." मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिनं माझ्या पाठीवर दोन धपाटे घातले. मग ताटातली मिरची उचलली.

केस उभी राहिली तेव्हा मी तिच्याबरोबर कोर्टात गेले. आत्तीनं सगळं सांगितलं, न अडखळता. समोरच्या वकिलानं खोदून खोदून विचारलं. बाई, वाटा मिळाला नाही म्हणून गावावर राग आहे ना तुमचा? आत्ती म्हणाली, "हाय की राग. पर त्यापायी मेलेलं माणूस जित्तं झालं का?" लोक हसले. न्यायाधीशांनी दटावलं.

पण एकटीच्या साक्षीवर भागणार नव्हतं. आत्तीनं सांगितलं होतं, माझा भाऊ माझ्या शेजारी उभा होता. म्हणून आबाला बोलावणं गेलं. आबा पांढरं धोतर, पटका बांधून आला होता. माझ्या समोरनं गेला, माझ्याकडं बघितलं नाही. पिंजऱ्यात उभं राहून त्यानं देवाची शपथ घेतली, खरं सांगेन म्हणून, आणि म्हणाला, "मी काय बघितलं न्हाई. ही बाई त्या दिशी रानात न्हवतीच. डोंगरावर दर्शनाला गेलती."

"ही तुमची बहीण ना?"

"माझ्या घरातली न्हाई," तो म्हणाला.

तिथंच केस मेली. सख्खा भाऊच बहिणीला खोटं पाडतोय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? चौघे सुटले. बाहेर त्यांच्या माणसांनी गुलाल उधळला. तोच रंग! मयताची आई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. आत्ती जाऊन तिच्याशेजारी टेकली. दोघी रानातल्यासारख्याच बसल्या होत्या, पण मधे बांध नव्हता. ती बाई म्हणाली, "आक्का, तू बोललीस." आत्ती म्हणाली, "बोलून काय झालं?"

घरी येईपर्यंत आत्ती आबाला शिव्या घालत होती. मुडदा, नामर्द, माझ्या मांडीवर मुतलेलं कार्टं, त्याचं तोंड बघणार नाही. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, "सकाळधरनं आलंतं गं ते. काय खाल्लं असंल का?"

पुढं ती चाचांच्या त्या मंडळींबरोबर फिरायला लागली. भाषण तिला जमायचं नाही. दोन वाक्यं बोलली की शिवी यायची आणि वकील कपाळाला हात लावायचे. तिची रीत वेगळी होती. कुठं काही झालं, कुणाला मारलं, कुणाचं घर पेटवलं, की गावातले पुरुष आधी देवळात जमायचे आणि तोंडं बंद करून घ्यायचे. आत्ती देवळाकडं जायचीच नाही. ती नदीवर जायची, धुण्याच्या दगडावर. बायकांच्यात बसून कुणाचं तरी धुणं बडवायला घ्यायची आणि विचारायची, "तुझ्या मालकानं शपथ उचलली ती तुला इचारून उचलली का गं? न्हाई? मग ती तुझ्यावर कशी? घरात तुझ्या नावाचं काय हाय? ना जमीन, ना दार. शप्पथच तेवढी हाय व्हय तुझ्या नावाची?"

काही बायका उठून जायच्या. काही बोलायच्या. त्यातल्या कितीतरी जणींनी पुढं मार खाल्ला. एक तर अंगावरच्या लुगड्यानिशी आमच्या खोलीवर आली. तिचा खालचा ओठ फाटला होता. वर्षभर राहिली आणि पोरांसाठी परत त्याच घरात गेली. आत्ती तिला अडवू शकली नाही. त्या दिवशी म्हणाली, "मी बायकांस्नी बोलाय लावते. पर त्यांच्या डोस्क्यावर पत्रा कुठनं आणू?" चार केसी हरल्या की एखादीत कुणाला तरी सजा व्हायची. एवढ्यावर ती माणसं जगत होती. आता प्रदर्शनात लावतील, लढा, क्रांती. लावा बाबांनो.

आत्तीला छातीचा रोग लागला तेव्हा मी नोकरीला होते. लग्नही झालं होतं, बरं चाललं होतं, ते काही इथं सांगायचं नाही. सरकारी दवाखान्यात ती शेवटपर्यंत नर्सशी भांडत होती. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेली.

सासरच्या गावाला निरोप धाडला. त्यांनी कळवलं, आमचा काही संबंध नाही. चाचा आणि मंडळींनी पंचगंगेवर नेण्याची तयारी केली. मी एसटीनं गावाला गेले, नुसतं सांगायला. आबा रानात होता, म्हातारा झाला होता. म्हटलं, आक्का गेली. त्यानं बैल सोडले, हात धुतले आणि म्हणाला, "गावाला आणायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आत्ता? कोर्टात म्हणालास घरातली न्हाई! जित्ती हुती तवर गल्लीच्या तोंडापर्यंत यायचास आणि माघारी जायचास, ठाव हाय मला. आता मेल्यावर बरी घरातली झाली?"

आबानं ऐकून घेतलं. म्हणाला, "चल."

दुधाच्या टेम्पोतनं आत्तीला गावात आणली, चाचाही बरोबर आले. आबानं टेम्पो घरापुढं नेला नाही, पारापुढं थांबवला. तिथंच भर चौकात तिरडी बांधायला घेतली. गाव हळूहळू गोळा झालं. पाटील आता थकले होते, पण पारावरची जागा तीच. शेजारी त्यांचा एक पुतण्या, त्या चौघांतला. पाटील म्हणाले, "हिला हितं कशाला आणलीस? हिचा या घराशी संबंध न्हाई. तूच भर कोर्टात म्हणलायस."

आबा देवळात गेला. बाहेर आला तेव्हा मूठ भरलेली होती. मयतावर गुलाल टाकतातच, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. पण त्यानं टाकला नाही. मूठ वर धरून उभा राहिला. आमच्या आबाचा देवावर किती विश्वास, ते मला माहीत आहे. त्या मुठीत त्याच्या नातवंडांचा जीव आहे असंच तो समजत होता.

"आक्का माझ्या घरातली," तो म्हणाला. "तवाबी हुती. तिच्या श्याजारी हुबा राहून म्याबी बघितलं. तिचं तोंड म्या दाबलं. कोर्टात म्या खोटं बोललो, आक्का न्हाई." आणि त्यानं चौघांची नावं घेतली, एकेक करून, बापाच्या नावासकट. चौथं नाव घेतलं तेव्हा पारावरचा पुतण्या उठून निघून गेला. मग आबानं तो गुलाल आत्तीच्या कपाळाला लावला. नवरा गेल्यापासनं रिकाम्या राहिलेल्या कपाळाला.

ओढ्यापलीकडची माणसं चौकाच्या कोपऱ्यात उभी होती. त्यांच्यातनं मयताची आई पुढं आली. वाकली होती, हातात तांब्या होता. आबासमोर उभी राहिली आणि विचारलं, "हे तवा का न्हाई बोललास, दादा?"

आबानं हात जोडले. ती वाट बघत उभी राहिली. खरंच उत्तराची वाट बघत होती ती, टोमणा मारायला आली नव्हती. मग ती तिरडीपाशी बसली, आत्तीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तांब्या तिच्या ओठांना टेकवून पाणी पाजलं. बघणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. अडवायला कुणी पुढं आलं नाही.

खांदा द्यायला गावातनं कुणी निघालं नाही. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला टेलरचाचा, मागं वस्तीतले दोघे. आबाला उचलता येईना, तो नुसता वाकून रडत होता. त्या बाईनं रिकामा तांब्या माझ्या हातात दिला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उभा केला.

"उचल, दादा," ती म्हणाली. "ऊन व्हाय लागलंय."